जोडी फुटली, पण नावावरच्या हरकतीची मुदत ५ सप्टेंबर २०२५ ला संपते

प्रश्न (थोडक्यात): मी आणि माझा मित्र २०१६ पासून विनोदी गाण्यांचा दोघांचा कार्यक्रम करत होतो. शब्द माझे, चाली आणि पेटी त्याची. गणेशोत्सव, कॉलेजांची गॅदरिंग, कंपन्यांचे कार्यक्रम, नाट्यगृहातले तिकिटाचे प्रयोग, यूट्यूब चॅनल, सगळं एकाच नावाने. ते नाव आम्हा दोघांची टोपणनावं जोडून केलेलं आहे. लेखी करार कधी केला नाही. मार्च २०२४ मध्ये त्याने व्हॉट्सॲपवर 'आजपासून आपण वेगळे' असं कळवलं आणि नवा जोडीदार घेऊन त्याच नावाने माझीच गाणी गायला लागला. आता त्याने ते नाव एकट्याच्या मालकीचा ट्रेडमार्क म्हणून नोंदवायला टाकलं आहे. ५ मे २०२५ च्या ट्रेडमार्क जर्नलमध्ये, म्हणजे असे अर्ज जाहीर करणाऱ्या सरकारी पत्रिकेत, ते आलं. गणपतीच्या सुपाऱ्या घेतल्यामुळे विसर्जनानंतर वकील गाठेन म्हणतो. गाणी कोणाची? चॅनल परत मिळेल का? २०१९ मध्ये एका म्युझिक कंपनीला सहा गाणी दिली होती, त्यांचं काय?

उत्तर: विसर्जनानंतर उशीर झालेला असेल. यंदा, म्हणजे २०२५ मध्ये, अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला आहे आणि तुमची हरकतीची मुदत ५ सप्टेंबरला संपते. तुमच्या पत्रात गाणी, चॅनल आणि पैसे यांवर दोन पानं आहेत आणि जर्नलच्या तारखेवर एक ओळ. प्रकरणाचा निकाल त्या ओळीवर ठरणार आहे, म्हणून आधी तीच घेतो.

ट्रेडमार्क कायदा, १९९९ च्या कलम २१ प्रमाणे जर्नलमध्ये अर्ज प्रसिद्ध झाल्यापासून चार महिन्यांत कोणालाही हरकत घेता येते. 'कोणालाही' म्हणजे तुमच्याकडे स्वतःची नोंदणी असायची गरज नाही. हे चार महिने वाढवून मिळत नाहीत. उशीर माफ करण्याचा अर्ज नाही, जादा फी भरून सवलत नाही. ५ तारखेला ईद-ए-मिलाद आहे, म्हणून एखादा दिवस पुढे सरकेल या हिशेबावरही राहू नका. शेवटच्या दिवशी पोर्टलवर पैसे अडकतात, डिजिटल सही चालत नाही, वकिलाच्या अधिकारपत्रावर तुमची सही राहिलेली असते. २७ ऑगस्टला गणपती बसायच्या आत हरकत दाखल झालेली असली पाहिजे. जर्नल ५ मे रोजी आलं आणि तुम्ही जुलैअखेर विचारता आहात. हातातले जवळजवळ तीन महिने असेच गेले आहेत.

हरकतीच्या अर्जाचा नमुना टीएम-ओ. ऑनलाइन भरला तर एका वर्गासाठी (ट्रेडमार्कसाठी वस्तू आणि सेवांचे वर्ग पाडलेले असतात) २,७०० रुपये. मनोरंजनाच्या सेवा ४१ व्या वर्गात येतात, रेकॉर्ड केलेलं साहित्य ९ व्या. त्याने दोन्ही वर्गांत अर्ज केला असेल तर दोन्हींत हरकत घ्यायची, नाहीतर एक दार बंद करून दुसरं उघडं राहील. अर्जाचा क्रमांक घेऊन ट्रेडमार्कच्या संकेतस्थळावर त्याची कागदपत्रं बघा. नाव कधीपासून वापरतोय, हे त्याने अर्जात लिहिलं असेल. तिथे '२०१६' असेल, तर २०१६ ते २०२४ हा वापर दोघांचा होता हेच तुमचं पहिलं उत्तर. अर्जासोबत त्याने जुनी पोस्टरं जोडली असतील तर त्यांवर तुमचाही फोटो असणार.

हरकतीत बाजू अनेक मांडता येतात, पण तुमच्या प्रकरणात दोन भक्कम आहेत. पहिली मालकीची: कलम १८ प्रमाणे अर्ज मालक म्हणवणाऱ्यानेच करायचा असतो, आणि इथे एकटा माणूस दोघांच्या नावावर मालकी सांगतोय. शिवाय कलम ११(१०) प्रमाणे निबंधकाने (ट्रेडमार्क नोंदणीच्या अधिकाऱ्याने) अर्जदाराचा अप्रामाणिक हेतूही विचारात घ्यायचा असतो. दुसरी बाजू कलम १४ ची, आणि ती बहुतेक लोक विसरतात. एखाद्या हयात माणसाशी खोटा संबंध सूचित करणारं चिन्ह नोंदवायचं असेल, तर निबंधक त्या माणसाची लेखी संमती मागू शकतो. त्या नावातला अर्धा भाग तुमचं टोपणनाव आहे आणि तुम्ही आता त्या कार्यक्रमात नाही. हा मुद्दा हरकतीच्या पहिल्या पानावर यायला हवा.

आता एक चूक, जी या दिवसांत तुमच्याकडून करवून घेतली जाण्याची शक्यता मोठी आहे. कोणीतरी एजंट सांगेल, 'तुम्हीही तुमच्या नावाने अर्ज टाकून द्या, ४,५०० रुपयांत काम होतं.' टाकू नका. नाव दोघांचं आहे, एकट्याला नोंदवता येत नाही, हे तुम्ही हरकतीत म्हणणार, आणि त्याच आठवड्यात तेच नाव एकट्याच्या मालकीचं म्हणून मागणार? समोरचा वकील तुमचाच अर्ज तुमच्यासमोर ठेवेल. कलम २४ मध्ये संयुक्त मालकांच्या नोंदणीची सोय आहे, पण त्यासाठी दोघांनी मिळून अर्ज करावा लागतो. ती वेळ तडजोडीनंतर येईल.

हरकत दाखल झाली म्हणजे काम संपलं असंही नाही. त्याला हरकतीची प्रत मिळाल्यापासून दोन महिन्यांत प्रतिउत्तर द्यावं लागतं. दिलं नाही तर त्याचा अर्ज सोडून दिला असं धरतात. प्रतिउत्तर आलं, तर ते तुम्हाला मिळाल्यापासून दोन महिन्यांत प्रतिज्ञापत्रावर पुरावा द्यायचा, नाहीतर ट्रेडमार्क नियमांतल्या नियम ४५ प्रमाणे तुमचीच हरकत सोडली असं धरलं जातं. बऱ्याच चांगल्या हरकती इथेच मरतात, कारण प्रतिउत्तर ईमेलने आलेलं असतं आणि कोणी उघडलेलं नसतं. अर्जात रोज बघितला जाणारा ईमेल द्या आणि स्पॅमही तपासत राहा. ही मुदतही वाढत नाही असं धरूनच चाला.

म्हणून पुरावा आत्ताच जमवायला घ्या. २०१६ पासूनची पोस्टरं, मंडळांच्या कार्यक्रमपत्रिका, सुपारी आणि बयाण्याचे मेसेज, नाट्यगृहाच्या तारखांच्या पावत्या, वर्तमानपत्रातल्या जाहिराती, आणि ज्या व्यवहारांत त्याने तुम्हाला निम्मे पैसे पाठवले त्यांच्या बँकेच्या नोंदी. यातला सर्वांत वजनदार कागद तुम्ही पत्रात लिहिलेला नाही. तिकिटाच्या प्रयोगांसाठी तुम्ही रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे (संहिता तपासून प्रयोगाला प्रमाणपत्र देणारं राज्य सरकारचं मंडळ) संहिता दिली असेल, तर त्या प्रमाणपत्राची आणि शिक्का मारलेल्या संहितेची प्रत काढा. लेखक म्हणून कोणाचं नाव आहे, ते भांडणाच्या कितीतरी आधी तिथे लिहिलं गेलंय. व्हॉट्सॲपचे नुसते स्क्रीनशॉट कोर्टात पुरत नाहीत. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. तो फोन विकू नका, बदलू नका, गप्पा पुसू नका.

आणि मुदत चुकलीच तर? नोंदणी झाल्यावर ती रद्द करण्यासाठी कलम ५७ चा अर्ज करता येतो, निबंधकाकडे किंवा उच्च न्यायालयात. शिवाय आधीपासून वापरणाऱ्याचा हक्क नोंदणीपेक्षा वरचढ ठरतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये स्पष्ट केलं आहे. म्हणजे दार पूर्ण बंद होत नाही. पण तोवर नोंदणीचं प्रमाणपत्र त्याच्या हातात असेल, ते वैध आहे असंच प्रथमदर्शनी धरलं जाईल, आणि तुम्हाला बोलावणाऱ्या प्रत्येक मंडळाला तो नोटीस पाठवेल. मंडळाचा खजिनदार कायदा वाचत बसत नाही, तो दुसरा कलाकार शोधतो. रद्द करण्याच्या अर्जाला वर्षं लागतात. न्यायालयांची ही संथ गती कलाकाराला परवडत नाही. आणखी पाच वर्षांनी मिळालेल्या निकालाने बुडालेले हंगाम परत येत नाहीत. आत्ताचे २,७०० रुपये वाचवून पुढची ती लढाई ओढवून घेऊ नका.

बाकीच्या प्रश्नांवर माझी उत्तरं इतकी ठाम असणार नाहीत, कारण कागदच नाहीत. आठ वर्षं दोघांनी एका नावावर पोट भरलं आणि एक पानाचा करारसुद्धा केला नाही. बँजो पथकं, ऑर्केस्ट्रा, लावणीचे संच, सगळ्यांची पत्रं याच कारणासाठी येतात.

नफा निम्मा वाटून घेत होतात हे सिद्ध झालं, तर ही नोंदणी नसलेली भागीदारी ठरू शकते. तसं झालं तर मार्च २०२४ चा मेसेज भागीदारी कायद्याच्या कलम ४३ प्रमाणे ती मोडल्याची लेखी सूचना मानता येईल, आणि कलम ५३ प्रमाणे हिशेब पूर्ण मिटेपर्यंत त्याला जुन्या नावाने तसाच धंदा करण्यापासून रोखण्याची मागणी करता येईल. नोंदणी नसलेल्या भागीदारीला महाराष्ट्रात असा दावाच करता येत नाही, असं तुम्हाला कोणी सांगेल. ती राज्यापुरती तरतूद होती आणि सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये ती रद्द केली. हिशेबाच्या दाव्याची मुदत भागीदारी मोडल्यापासून तीन वर्षं, म्हणजे मार्च २०२७. 'भागीदारी नव्हतीच, तो माझ्याकडे बिदागीवर होता' असं मित्र म्हणेल, हे गृहीत धरा. पैसे दर कार्यक्रमाला ठरावीक रकमेचे होते की मिळकतीच्या निम्मे, यावर ते ठरेल.

गाण्यांचं थोडं स्पष्ट आहे. शब्द तुमचे आणि चाल त्याची असेल, तर दोघांचा वाटा वेगळा ओळखता येतो. कॉपीराइट कायद्याच्या व्याख्येत ती संयुक्त कृती होत नाही. शब्दांचे मालक तुम्ही, चालीचा तो. तुमच्या परवानगीशिवाय तो तुमचे शब्द जाहीर कार्यक्रमात गाऊ शकत नाही, आणि त्याच्या परवानगीशिवाय तुम्ही त्याची चाल लावू शकत नाही. गणपतीत तुम्ही तीच गाणी त्याच चालींवर म्हणणार असाल, तर त्याला तेच हत्यार तुमच्यावर वापरता येईल. नव्या चाली लावून घ्या. 'मंडळाचा कार्यक्रम फुकट असतो' हा बचाव दोघांनाही चालायचा नाही. ती सूट हौशी संस्थांसाठी आहे, बिदागी घेणाऱ्यांसाठी नाही. दोन गाण्यांच्या मधला संवाद लिहिलेला किंवा रेकॉर्ड केलेला असेल तरच त्यावर हक्क सांगता येईल. ऐन वेळी सुचलेल्या आणि कुठेच न नोंदलेल्या कोट्यांवर काही मिळणार नाही.

तुमच्या यादीत जुन्या सिनेमागीतांच्या चालींवरची विडंबनंही दिसतात. ती दाव्यातून काढून टाका. नव्याने गाऊन रेकॉर्ड करण्यासाठी कॉपीराइट कायद्यात कलम ३१सी ची जी सोय आहे तिच्यात शब्द बदलायला मुभा नाही, आणि विडंबनाला आपल्या कायद्यात स्वतंत्र सूट लिहिलेली नाही. ती गाणी घेऊन कोर्टात गेलात तर मूळ मालकाचं लक्ष तुम्हीच तुमच्याकडे वेधाल. स्वतःच्या शब्दांची कॉपीराइट नोंदणी करून ठेवायला हरकत नाही: प्रत्येक कृतीला ५०० रुपये, अर्जानंतर आक्षेपांसाठी ३० दिवस. हक्क नोंदणीने जन्मत नाही, पण पुरावा म्हणून कागद उपयोगी पडतो.

२०१९ च्या कागदाबद्दल मात्र बातमी चांगली असू शकते. तुम्ही लिहिता की त्यात मुदत लिहिलेली नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९(५) प्रमाणे मुदत न लिहिलेलं हस्तांतर पाच वर्षांचं धरतात, म्हणजे शब्दांचे आणि चालींचे हक्क २०२४ मध्येच तुम्हा दोघांकडे परत आलेले असू शकतात. कागद पुन्हा ओळीओळीने वाचा. 'कायमस्वरूपी' किंवा 'कॉपीराइटच्या संपूर्ण कालावधीसाठी' असं कुठे असेल तर हे उत्तर बदलतं. आणि त्या सहा गाण्यांचं ध्वनिमुद्रण कंपनीने स्वतःच्या खर्चाने केलं असेल, तर ते मुद्रण कंपनीचंच राहील. तुम्ही नव्याने रेकॉर्ड करू शकाल, जुनी फाइल वापरू शकणार नाही.

चॅनल त्याच्या ईमेलवर उघडलेलं आहे. ते तुमच्या हाती परत येईल असं वचन मी देणार नाही. सबंध चॅनलविरुद्ध तक्रार करू नका. जुने व्हिडिओ तुमच्या संमतीने चढवलेले आहेत आणि तुम्ही त्यांत हसत गाता आहात. नव्या जोडीदाराने तुमचे शब्द गायलेले व्हिडिओ तेवढे निवडा, प्रत्येकाचा दुवा आणि त्यातले शब्द समोरासमोर लिहा आणि तेवढ्यांपुरतीच तक्रार करा. चॅनलच्या उत्पन्नाचा हिशेब, भागीदारीच्या हिशेबासाठी त्याला जी नोटीस पाठवाल तिच्यात मागा.

दावा लावायचा झाला आणि सोबत तातडीच्या मनाईची मागणी नसेल, तर व्यापारी न्यायालयाआधी मध्यस्थीला जावं लागतं. ते टाळण्यासाठी खोटी घाई दाखवू नका. मार्च २०२४ पासून गप्प बसलेल्या माणसाला न्यायाधीश पहिला प्रश्न 'इतके दिवस काय केलंत?' हाच विचारतात. मला विचाराल तर हरकत दाखल करून मगच त्याच्याशी बोलणी करा. त्याचा अर्ज अडकला की तो ऐकायच्या मनःस्थितीत येईल. जुनं नाव दोघांनीही न वापरणं, आणि एकमेकांच्या शब्दांना आणि चालींना लेखी परवाना देणं, एवढ्यावर मिटू शकतं. परवान्यात प्रत्येक गाण्याचं नाव, मुदत, प्रदेश आणि मानधन लिहा.

या गणपतीत जुनं नाव एकट्याने लावू नका. तुमच्या स्वतःच्या नावाखाली 'पूर्वी अमुक जोडीत' एवढं खरं वर्णन पुरे, त्यावर हरकत टिकणं अवघड आहे. त्याने पोस्टरवर नावापुढे वर्तुळातला आर छापला असेल तर तारखेसह फोटो काढून ठेवा, कारण नोंदणीआधी तो लावता येत नाही. या आठवड्यात वकिलाकडे जाताना अर्जाचा क्रमांक, ५ मेच्या जर्नलमधलं ते पान, परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र आणि २०१९ चा कागद एवढं सोबत न्या. बाकीचं मागाहून देता येईल.