मास्तरांचं बोट

प्रश्न : माझं टेलरिंगचं दुकान आहे, वय ५२. दहा महिन्यांपूर्वी शोकेसची काच फुटून उजवं मनगट कापलं. मीडियन नर्व्ह (मनगटातून अंगठा आणि शेजारच्या बोटांकडे जाणारी शीर) तुटली होती, ती ऑपरेशनने शिवली. आता बोटांना समज आलीय, पण अंगठ्याशेजारच्या बोटाला सुई टोचली की मधल्या बोटाला टोचल्यासारखं वाटतं. खिशात हात घातला तर नाणं की बटण कळत नाही. शीर चुकीची शिवली का? बी-१२ची इंजेक्शनं घेऊ का? आणि आईला लकवा झालाय, तिचीही शीर अशी वाढेल का? – एक टेलर, बार्शी

उत्तर : मास्तर, आधी गळ्यातली टेप काढा आणि मनगटाच्या वळीपासून त्या बोटाच्या टोकापर्यंत मोजा. अठरा सेंटिमीटरच्या आसपास भरेल. तुटलेला मज्जातंतू दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढतो. म्हणजे सहा महिने, वर सुरुवातीचे काही आठवडे. तुमची शीर वेळेवर पोचली आहे.

गोंधळ वेगळाच आहे. सर्जन शिवतो ते वरचं वेष्टण. आतले हजारो धागे कुणी एकेक जोडत नाही. टाक्यापलीकडचा प्रत्येक धागा मरतोच. ऑगस्टस वॉलरने १८५० मध्ये बेडकाच्या जिभेच्या नसा कापून हे दाखवलं. मागे उरतात रिकाम्या नळ्या, आणि मनगटाकडून फुटलेले कोंब त्यांत शिरतात. चेक्सचं कापड जोडताना तुम्ही रेघेला रेघ जुळवता. इथे सूक्ष्मदर्शकाखालीसुद्धा सगळ्या रेघा जुळत नाहीत. मधल्या बोटाचे काही धागे शेजारच्या बोटाच्या नळ्यांत गेले. सुई टोचली की निरोप जुन्याच वाटेने वर जातो आणि मेंदू म्हणतो, मधलं बोट. त्या बिचाऱ्याला अदलाबदल कुणी सांगितलीच नाही! तेव्हा सर्जनला दोष देऊ नका.

बोटं बधिर होती तेव्हा मेंदूही स्वस्थ नव्हता. मेंदूच्या पृष्ठभागावर हाताचा नकाशा असतो, बोटाशेजारी बोट. मायकेल मर्झेनिक, जॉन कास आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये माकडांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांत हीच मीडियन नर्व्ह कापली होती. मेंदूच्या नकाशातला तिचा पट्टा गप्प बसायला हवा होता. पण हाताच्या पाठीला स्पर्श केला की त्यातला काही भाग लगेच बोलू लागला आणि काही आठवड्यांत जवळजवळ सगळा पट्टा. ‘लगेच’ हा शब्द मला अजून चकित करतो. इतक्यात नवे तंतू वाढणं शक्य नाही. शेजाऱ्यांच्या जोडण्या आधीच तिथे होत्या, दबून होत्या. नस शिवून परत वाढू दिली तेव्हा पट्टा तिला मिळाला, पण ठिगळं लावलेल्या गोधडीसारखा.

हा नकाशा सरावाने सुधारतो. लहान मुलांत लवकर, बावन्नाव्या वर्षी हळू. सराव दुकानातच आहे. खादी, सॅटिन, पॉपलीन, कॉर्डरॉय यांच्या चिंध्या घ्या. डोळे उघडे ठेवून एकीवरून बोट फिरवा, मग डोळे मिटून तीच. मग डोळे मिटूनच ओळखा आणि लगेच बघून ताळा करा. बोट चुकतंय असं वाटलं तर बोटाकडे बघत मोठ्याने म्हणा, ‘हे अंगठ्याशेजारचं.’ दहा-दहा मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. कापडं जमली की बटणं, हुक, नाणी.

बी-१२ रक्तात कमी असेल तरच घ्या. तपासणी करा, कमतरता शाकाहारी लोकांत बरीच आढळते. पण इंजेक्शनाने बोटांची अदलाबदल सुटणार नाही.

आईंचं वेगळं. मेंदूतला तुटलेला तंतू असा पुढे सरकत नाही. मॉन्ट्रियलच्या डेव्हिड आणि अग्वायो यांनी १९८१ मध्ये उंदरांच्या पायातल्या नसेचा तुकडा मेंदूचा खालचा भाग आणि मज्जारज्जू यांच्यामध्ये पुलासारखा बसवला. त्या पुलातून आतले तंतू ३ सेंटिमीटरपर्यंत वाढले, आणि पलीकडे पुन्हा मज्जारज्जूत शिरताच थबकले. वाढायची ताकद असते, आजूबाजूची जागा वाढू देत नाही. आईंना जो फरक पडेल तो मुख्यतः शाबूत भागांनी काम उचलल्यामुळे, म्हणून त्यांचा फिजिओथेरपीचा खाडा करू नका.

आणि इस्त्री तापली का, हे सध्या डाव्या हातानेच बघा.