फिनिक्सला येताय? घर जुलै डोळ्यांसमोर ठेवून शोधा

नमस्कार. तुमचा प्रश्न सविस्तर होता, म्हणून उत्तरही सविस्तर देतेय. जुलैच्या पहिल्या आठवड्यात रुजू व्हायचंय, ऑफिस अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्यात, उत्तर फिनिक्समध्ये नव्या चिप कारखान्याच्या बाजूला, सोबत पत्नी आणि पहिलीत जाणारी मुलगी. घर फिनिक्सच्या आग्नेयेच्या चँडलर शहरात बघताय, कारण तिथे आपली माणसं जास्त. आणि उन्हाची काळजी नाही, कारण तुम्ही नागपूरचे.

मी अमरावतीची, त्यामुळे शेवटच्या मुद्द्यापासूनच सुरुवात करते.

विदर्भातला मे महिना काढलेल्या माणसाला ४३ अंशांचा आकडा घाबरवत नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. पण आपल्याकडे मृगाच्या आसपास पाऊस येतो आणि सुटका होते. इथे मे महिन्यात सुरू झालेला उन्हाळा ऑक्टोबर उजाडल्याशिवाय हटत नाही. २०२३ साली ३० जून ते ३० जुलै असे सलग ३१ दिवस पारा ११० फॅरनहाइट, म्हणजे ४३ सेल्सिअस किंवा त्याहून वर गेला. २०२४ मध्ये सलग ११३ दिवस १०० फॅरनहाइटच्या खाली कमाल तापमान उतरलंच नाही. त्याहून वाईट रात्री. २०२३ च्या १९ जुलैला रात्रीचं किमान तापमान ३६ सेल्सिअस होतं. गच्चीवर पाणी मारून गादी टाकायची, पहाटे गार वारा येईल, हे इथे विसरा. डांबर आणि काँक्रीट दिवसभर तापतं आणि रात्रभर ती उष्णता बाहेर टाकत राहतं. दुपारी रस्त्यावर पडलेल्या माणसाला भाजल्याच्या जखमांसाठी दवाखान्यात न्यावं लागतं, इतका रस्ता तापलेला असतो. मुलीला पार्किंगमध्ये अनवाणी एक पाऊलही टाकू देऊ नका.

हे घाबरवायला सांगत नाहीये. मला हे शहर मनापासून आवडतं आणि इथून हलायची माझी इच्छा नाही. पण मॅरिकोपा काउंटीत, म्हणजे फिनिक्स ज्या काउंटीत (जिल्ह्यात) येतं तिथे, २०२३ मध्ये उष्णतेशी संबंधित ६४५ मृत्यू नोंदले गेले. त्यात बेघर माणसं खूप होती. जे घरात गेले ते बहुतेक थंडावा नसलेल्या घरात होते, आणि कित्येकांच्या घरी एसी होता, पण बंद पडलेला. म्हणून माझं पहिलं आणि सगळ्यात आग्रहाचं सांगणं: घर जुलै महिना डोळ्यांसमोर ठेवून निवडा. स्विमिंग पूल, जिम, ग्रॅनाइटचा ओटा हे सगळं नंतर.

घर बघताना एसी किती जुना आहे हे थेट विचारा. बिघडला तर किती वेळात माणूस येतो, तोवर दुसरी सोय काय देता, हेही विचारा आणि उत्तर ईमेलवर घ्या. आमच्या पहिल्या अपार्टमेंटमध्ये ऐन जुलैत शुक्रवारी संध्याकाळी एसी बंद पडला आणि अपार्टमेंटच्या ऑफिसकडून सोमवारचं उत्तर मिळालं. शनिवार-रविवार मैत्रिणीकडे काढावा लागला. फिनिक्स शहराचा नियम असा आहे की भाड्याच्या घरातला एसी खोल्या ८२ फॅरनहाइट म्हणजे २८ सेल्सिअसपर्यंत थंड ठेवू शकलाच पाहिजे. हा नियम माहीत असलेल्या भाडेकरूशी बोलताना घरमालकाचा सूर बदलतो. खोल्यांच्या मोठ्या खिडक्या पश्चिमेला असतील तर ते घर सोडा. दोन मजली इमारतीत वरचा मजला जास्त तापतो. पार्किंगला छत हवंच, त्यासाठी भाडं थोडं जास्त पडलं तरी चालेल. काही जुन्या घरांत एसीऐवजी आपल्यासारखा कूलर असतो. जूनच्या कोरड्या हवेत तो उत्तम चालतो, पण जुलैत दमटपणा आला की त्याचं काय होतं हे नागपूरकराला सांगायला नको.

डिपॉझिट दीड महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही, तसा अ‍ॅरिझोनाचा कायदा आहे. घरभाड्यावर शहरं लावायची तो कर १ जानेवारी २०२५ पासून बंद झालाय. कोणाच्या जुन्या हिशेबात तो दिसला तर विचारा.

आता चँडलर. तिथे भारतीय वस्ती मोठी आहे, कारण इंटेल तिथे फार वर्षांपासून आहे. किराणा, पोळीभाजीचे डबे, कथ्थकचा क्लास सगळं हाताशी. पण तुमचं ऑफिस उत्तरेच्या टोकाला, आय-१७ आणि लूप ३०३ हे महामार्ग जिथे भेटतात तिथे. चँडलरहून एका बाजूचं अंतर ७० किलोमीटरच्या आसपास पडेल, तेही शहराच्या मधोमध जाणाऱ्या गर्दीतून. आपली माणसं शनिवारी भेटतात, ऑफिसला मात्र रोज जायचं असतं. त्यामुळे माझा कौल स्पष्ट आहे: उत्तर फिनिक्स किंवा शेजारचं पियोरिया बघा. डीअर व्हॅली आणि पॅराडाइज व्हॅली या दोन शाळा-जिल्ह्यांची, म्हणजे सरकारी शाळा चालवणाऱ्या मंडळांची, हद्द तपासा. भारतीय किराण्यासाठी महिन्यातून एखादी फेरी खाली चँडलरला मारावी लागली तरी बिघडत नाही.

इथले जुने लोक एक गोष्ट आवर्जून सांगतात: ऑफिसच्या पूर्वेला राहा. सकाळी पश्चिमेकडे जाताना सूर्य पाठीशी, संध्याकाळी पूर्वेकडे परततानाही पाठीशी. उलट असेल तर दोन्ही वेळा सूर्य थेट डोळ्यांत, आणि इथला सूर्य फार प्रखर असतो. रस्ते समजायला मात्र सोपे आहेत. सेंट्रल अव्हेन्यू हा मध्य. त्याच्या पश्चिमेला आकड्यांचे अव्हेन्यू, पूर्वेला आकड्यांचे स्ट्रीट. त्यामुळे ७ वा अव्हेन्यू आणि ७ वा स्ट्रीट हे दोन वेगळे रस्ते आहेत. पत्ता टाकताना नीट बघा.

गाडी लागणारच. लाइट रेल आहे, विनाचालक टॅक्सीही धावतात, पण तुमचं ऑफिस, शाळा आणि किराणा यांना जोडणारं त्यातलं काही रोजच्या उपयोगाचं नाही. दोघांनीही लायसन्स काढा, फक्त तुम्ही नको. पत्नीकडे गाडी नसेल तर जून ते सप्टेंबर ती घरात अडकते. दोन बसथांब्यांमधलं अंतर दुपारी चालून जाणं धोक्याचं असतं. एकटीनं आलेल्या मैत्रिणींचे ते महिने कसे जातात हे मी जवळून बघितलंय, म्हणून हे कळकळीनं सांगतेय. इथे राहायला आलात की अ‍ॅरिझोनाचं लायसन्स लगेच काढावं असा नियम आहे. मोटार वाहन विभागाशिवाय मान्यताप्राप्त खासगी कार्यालयांतही परीक्षा देता येते, तिथे रांग कमी असते. व्हिसावर असलेल्यांचं लायसन्स कागदपत्रांच्या मुदतीपुरतंच मिळतं. विमा कायद्याच्या किमान रकमेचा घेऊ नका. एका बऱ्या गाडीचं नुकसानही त्यात भरून निघत नाही. गाडीची बॅटरी उष्णतेनं दोन-तीन वर्षांत दगावते. गाडीत पाण्याच्या बाटल्या कायम ठेवा. औषधं किंवा लायटर ठेवू नका. आणि मूल गाडीत एक मिनिटही एकटं ठेवायचं नाही, एसी चालू ठेवूनही नाही.

पावसाळा इथेही आहे, लोक त्याला मान्सूनच म्हणतात. १५ जून ते ३० सप्टेंबर हा त्याचा अधिकृत काळ. वर्षभराचा पाऊस सरासरी १८० मिलिमीटरच्या आसपास, पण पडतो तेव्हा एकदम कोसळतो. त्याआधी कधी कधी धुळीची भिंत येते, शहराच्या शहर गिळणारी. तिला हबूब म्हणतात. गाडी चालवताना ती आली तर रस्त्याच्या पूर्ण बाहेर थांबा, सगळे दिवे बंद करा, ब्रेकवरचा पाय काढा आणि हँडब्रेक ओढा. दिवे चालू राहिले तर मागचा चालक तुमच्या दिव्यांचा माग धरून तुमच्यावर येऊन आदळतो. एरवी कोरडे ठणठणीत दिसणारे नाले अर्ध्या तासात भरून वाहतात. अडथळे लावलेल्या पाण्यात गाडी घातली आणि सुटका करावी लागली, तर त्याचा खर्च चालकाकडून वसूल करायची तरतूद राज्याच्या कायद्यात आहे. एवढं सगळं सांगूनही म्हणते, पहिल्या सरीनंतर क्रिओसोटच्या झुडपांचा जो वास सुटतो तो अनुभवायला घराबाहेर नक्की या.

वीज. तुमच्या पत्त्यावरून कंपनी ठरते, एसआरपी किंवा एपीएस. निवड आपल्या हातात नाही. प्लॅन मात्र निवडता येतो. एपीएसच्या वेळेनुसार दराच्या प्लॅनमध्ये सोमवार ते शुक्रवार दुपारी ४ ते संध्याकाळी ७ वीज महाग असते. आम्ही घर त्याआधी जास्त थंड करून घेतो आणि त्या तीन तासांत ओव्हन, वॉशर, ड्रायर काही लावत नाही. उन्हाळ्याचं बिल हिवाळ्याच्या दुप्पट-तिप्पट येतं, ते धरूनच भाड्याचं बजेट करा. एसीचा फिल्टर उन्हाळ्यात महिन्याला बदला.

शाळेचं वेळापत्रक तुम्हाला कोणी सांगितलं नसेल. इथल्या बहुतेक शाळा जुलैच्या शेवटी किंवा ऑगस्टच्या सुरुवातीला उघडतात. १ सप्टेंबरच्या आधी सहा पूर्ण होत असतील तर पहिली. त्यामुळे 'मी आधी येतो, कुटुंब ऑक्टोबरमध्ये येईल' हा तुमचा दुसरा पर्याय मला पटत नाही. उन्हाचा विचार केला तर ऑक्टोबर चांगला, पण मुलीला सगळ्यांसोबत पहिल्या दिवशी वर्गात बसू द्या. नव्या देशात तेवढा आधार तिला हवा. तुम्ही दोन आठवडे आधी येऊन घर आणि गाडीचं बघा, मग त्या दोघी येऊ द्यात. मुलीच्या लसीकरणाची पूर्ण नोंद डॉक्टरांकडून इंग्रजीत, सही-शिक्क्यासह आणा. पोहणं मात्र आल्या आल्या शिकवा. घरोघरी, सोसायटीसोसायटीत पूल आहेत आणि लहान मुलं बुडण्याच्या घटना दरवर्षी घडतात. कुंपणाचं फाटक आपोआप बंद होतं की नाही हे घर बघतानाच तपासा.

तब्येतीबद्दल एकच मोठी गोष्ट सांगायचीय: व्हॅली फीव्हर. इथल्या मातीत एक बुरशी असते, तिचे कण धुळीतून श्वासात जातात. अमेरिकेत नोंद होणाऱ्या रुग्णांपैकी खूपसे अ‍ॅरिझोनातले असतात. खोकला, ताप, आठवडेच्या आठवडे न जाणारा थकवा, अशी लक्षणं. न्यूमोनिया समजून अँटिबायोटिक दिलं जातं आणि अर्थातच गुण येत नाही, कारण हा बुरशीचा आजार आहे. एकापासून दुसऱ्याला होत नाही, आणि बहुतेक जण आपोआप बरे होतात. पण खोकला लांबला तर डॉक्टरांना स्वतःहून म्हणा, व्हॅली फीव्हरची रक्ततपासणी करा. मधुमेह असलेल्यांना आणि गरोदर बायकांना तो जड जाऊ शकतो, म्हणून तुमच्या आईबाबांनाही हे सांगून ठेवा.

बाकी बारीकसारीक. विंचू असतात. अल्ट्राव्हायोलेट टॉर्चच्या उजेडात ते हिरवट चमकतात, तशी टॉर्च स्वस्त मिळते. बूट झटकून घालायची सवय मुलीलाही लावा. पाणी फार जड आहे, नळांवर पांढरा थर चढतो, पिण्यासाठी आरओ लावून घ्या. हवेच्या कोरडेपणानं पहिले काही आठवडे नाकातून रक्त येऊ शकतं, खोबरेल तेल जवळ ठेवा. मिक्सर आणू नका, इथे वीज १२० व्होल्टची. बऱ्याच अपार्टमेंटमध्ये काचेची विजेची शेगडी असते, तिच्यावर गोल बुडाची कढई निरुपयोगी. कुकर, तवा, कढई सगळं सपाट बुडाचं आणा. सोऱ्या मात्र नक्की आणा, कुरडया इथे एका उन्हात खडखडीत वाळतात. दुकानात कमरेला उघड पिस्तूल लावलेला माणूस दिसला तर दचकू नका, इथे ते कायदेशीर आहे. घड्याळ इथे वर्षभर बदलत नाही, त्यामुळे भारताशी फरक कायम साडेबारा तासांचा. तिकडे सकाळचे ९ वाजतात तेव्हा इथे आदल्या रात्रीचे साडेआठ, म्हणजे रात्रीचं जेवण उरकून आईशी बोलायला अगदी सोयीची वेळ.

आईबाबांना उन्हाळ्यात बोलवायचा विचार तुम्ही लिहिलाय. कृपा करून नको. ऑक्टोबरचा शेवट ते मार्च हे इथले खरे दिवस. डिसेंबरात दुपारी १९-२० अंश, अंगणात जेवता येतं, साउथ माउंटनच्या वाटांवर सत्तरीतली माणसंही आरामात फिरतात. दिवाळीला दारात कंदील लावून बाहेर बसता येतं. तेव्हाच महाराष्ट्र मंडळाचे कार्यक्रमही असतात, आईबाबांना बोलायला माणसं मिळतात. भारताहून थेट विमान नाही, लंडनसारख्या ठिकाणी किंवा अमेरिकेतल्याच दुसऱ्या शहरात बदलावं लागतं, त्यामुळे त्यांच्यासाठी व्हीलचेअरची मदत तिकिटासोबतच नोंदवा. जुलै-ऑगस्टमध्ये तुम्हालाच बाहेर पडावंसं वाटलं तर फ्लॅगस्टाफ गाठा. २३० किलोमीटर, समुद्रसपाटीपासून २१०० मीटर उंच, पाइनची झाडं आणि अंगावर शाल घ्यावी अशी संध्याकाळ.

घरांची यादी तयार झाली की लीजवर सही करण्याआधी मला पाठवा. पत्ता, खिडक्यांची दिशा, एसीचं वय आणि वीज कोणाची, एवढं कळलं तरी पुरे. त्या भागातलं असेल तर शनिवारी सकाळी मी स्वतः जाऊन बघून येईन आणि फोटो पाठवेन.