हेल्मेट दुकानात घालून साईझ बघायची आणि मग ऑनलाइन मागवायचं, असं केलं तर चालेल का?

चालेल की. कोण अडवणारे तुम्हाला. पण प्रश्न वाचून डोकं सटकलं म्हणून एवढं टाइप करत बसलोय, तेव्हा आधीच सांगतो, उत्तर लांबणार आहे आणि मी काही तटस्थ माणूस नाही. माझ्या मामाचं पुण्यात नाना पेठेत टू-व्हीलरच्या ॲक्सेसरीजचं दुकान होतं आणि कॉलेजपासून सुट्टी मिळाली की मी तिथे काउंटरला असायचो.

तुम्ही लिहिलंय की दुकानदाराने २,४०० सांगितले, तेच ऑनलाइन १,८५० ला दिसतंय, मग वरचे साडेपाचशे कशाचे. कशाचे ते सांगतो.

हेल्मेटच्या धंद्यात पैसा साईझमध्ये अडकतो. एक मॉडेल ठेवायचं म्हटलं तरी एस, एम, एल, एक्सएल असे चार नग, आणि त्यात परत रंग. मॅट ब्लॅक एल आला की गेला, पण ग्लॉसी लाल एस वरच्या फळीवर चढतो तो तिथंच राहतो. आणि मग ट्रायल. एप्रिल-मेमधला माणूस बाहेरून घामाघूम होऊन येणार, डोक्याला तेल चोपडलेलं, समोर मांडलेली सगळी हेल्मेटं एकेक करून घालणार, आरशात बघणार, मित्राला फोटो पाठवणार. मामा आधी डोक्याला रुमाल बांधायला सांगायचा तर लोकांना त्याचाही राग. डिस्प्लेचा पीस काही महिन्यात असा होतो की गालाचे पॅड पार बसलेले, आतल्या कापडाला तेलाचा वास, आणि विकत घेताना मात्र प्रत्येकाला ‘आतला सीलपॅक द्या’. मग तो डिस्प्लेचा पीस कुणाच्या खिशातून जातो? तुमचे साडेपाचशे तिथले आहेत. सगळे नाही, थोडा नफा पण आहे, दुकान काय पुण्य कमवायला टाकत नाही कुणी.

आता मूळ दुखणं. २०१९ च्या १ जानेवारीपासून पुण्यात पोलिसांनी हेल्मेटसक्ती जोरात सुरू केली ते आठवत असेल. विरोधी कृती समिती, मोर्चा, सगळं रीतसर झालं. ज्यांना नुसती पावती चुकवायची होती त्यांनी रस्त्याकडेला ढीग लावून बसलेल्यांकडून दोन-तीनशेवाली टोपी उचलली, आणि ज्यांना खरंच घालायचं होतं ते दुकानात यायला लागले. त्या गर्दीत आमचे दाजी आले. दाजी हिंजवडीला आयटीत, राहायला सिंहगड रोडला, रोजचा प्रवास बाईकवर.

दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती तरी मामाने ‘या जावईबापू’ म्हणून स्टूल दिलं, चहा सांगितला आणि टेप काढला. भुवयांच्या बोटभर वरून टेप फिरवला, घेर भरला ५८ सेंटिमीटर. आता हे ५८ एका कंपनीत एम असतं आणि दुसऱ्या कंपनीत एल, त्यामुळे ‘मला एल लागतं’ हे वाक्य निम्मंच असतं, कुठल्या कंपनीचं ते पण सांगायला लागतं. बरं टेप फक्त घेर सांगतो, आकार सांगत नाही. दाजींचं डोकं पुढून मागे लांबट. गोल साच्याचं हेल्मेट घातलं की कपाळावर दाबणार आणि कानाच्या बाजूला मोकळं राहणार, आणि हे पहिल्या मिनिटाला कळत नाही. म्हणून मामा गिऱ्हाईकाला हेल्मेट घालून दहा-पंधरा मिनिटं तसंच बसवून ठेवायचा, तोवर दुसरं गिऱ्हाईक बघायचा, आणि मग हेल्मेट काढलं की आधी त्याचं कपाळ बघायचा. कपाळावर लाल पट्टा उठलाय? मग ते मॉडेल तुझं नाही, कितीही आवडू दे.

गाल मात्र दाबले गेलेच पाहिजेत. नवीन हेल्मेटमध्ये तोंड खारीने शेंगदाणे भरल्यासारखं दिसलं पाहिजे, कारण गालाचे पॅड वापरून बसतात, कपाळामागचा थर्माकोल बसत नाही. आणि हनुवटीचा पट्टा लावून मागच्या खालच्या कडेला बोटं घालून हेल्मेट पुढे ओढायचं, डोक्यावरून उचकटून आलं तर साईझ मोठी आहे. दाजींना चष्मा. चष्म्याच्या काड्या पॅडमधून सरळ आत जायला पाहिजेत, वाकड्या घुसल्या की कानामागे दुखायला लागतं. हे सगळं बघून मामाने अर्धा तास घालवून एक मॉडेल काढून दिलं, जे कपाळाला लागत नव्हतं आणि चष्मा पण सरळ जात होता. अर्धा तास, त्या गर्दीत.

दाजींनी हेल्मेट उलटं केलं, आतल्या स्टिकरचा फोटो काढला आणि म्हणाले, ‘मामा, घरी विचारून सांगतो.’

घरी म्हणजे माझी बहीण. तिला हेल्मेटमधलं एवढंच माहिती की केस खराब होतात.

चार-पाच दिवसांत कुरियरने बॉक्स आला. सेलमध्ये साडेपाचशे-सहाशे वाचले म्हणून ग्रुपवर फोटो पण टाकला, ज्या ग्रुपवर मामा होता. आता झालं काय, की मॉडेलचं नाव तेच पण पुढची दोन अक्षरं वेगळी, त्यातलं व्हेरियंट खालचं, बाहेरून सेम दिसतं पण आतलं अस्तर आणि थर्माकोलचा साचा वेगळा. विकणारा पण कंपनी नव्हे, कुणीतरी तिसराच सेलर. वारज्यापर्यंत पोचेपर्यंत दाजींचं कपाळ ठणकायला लागायचं. परत करायला गेले तर पॉलिसी ‘फक्त रिप्लेसमेंट’, म्हणजे परत तेच हेल्मेट, आणि न्यायला आलेल्या पोराने बघितलं की काचेवरचं प्लास्टिक काढलंय, तो म्हणाला वापरलेला माल घेता येत नाही, गेला.

मग दाजी ते हेल्मेट घेऊन कुठे आले असतील? बरोबर.

‘मामा, आतनं कपाळापाशी जरा खरवडून देता का? नाहीतर दाबून तरी द्या, मी व्हिडिओत बघितलंय, चमच्याने दाबतात.’

मी तिथेच होतो. मामा चिडला नाही, हे मला अजूनही नवल वाटतं. त्याने हेल्मेट हातात घेतलं, अस्तर बाजूला करून पांढरा थर्माकोल दाखवला आणि सांगितलं की जावईबापू, हेल्मेटमधली खरी वस्तू ही आहे, वरचं कवच नाही. डोकं आपटलं की हे चेपतं, ते चेपताना धक्का खातं, आणि एकदा चेपलं की परत फुगत नाही, म्हणून पडल्यावर हेल्मेट बाहेरून चांगलं दिसलं तरी टाकून द्यायचं. आता तेच मी आज चमच्याने चेपून देऊ, तर ज्या दिवशी लागेल त्या दिवशी चेपायला तिथे काय उरणार? मी हे करणार नाही आणि तुम्ही पण करू नका.

दाजींना यातलं एकच ऐकू आलं, की मामाचा माल घेतला नाही म्हणून मामा नडतोय. घरी जाऊन आमटीच्या पळीने दाबलं. बहिणीने नंतर सांगितलं. भाऊबीजेला विषय निघाला, मी बोललो, दाजी म्हणाले ‘हे मार्केट आहे, ज्याला परवडेल त्याने विकावं, मी काय मामांना बोलावलं नव्हतं चहा पाजायला’, बहीण मध्ये पडली, ताटं तशीच राहिली. तेव्हापासून आमच्यात हेल्मेट हा शब्द निघाला की सगळे क्रिकेटवर बोलायला लागतात.

तर दाजी हे वाचणार नाहीत पण उत्तर देऊन ठेवतो. मार्केट आहे ना, मग ट्रायलचा पण भाव लावू. मामाच्या मनात तशी पाटी लावायची होती, ‘घालून बघण्याचे १०० रुपये, खरेदी केल्यास बिलातून वजा’. लावली नाही, कारण दुसऱ्या दिवशी ती पुणेरी पाटी म्हणून व्हॉट्सॲपवर फिरली असती आणि लोक हसायला दुकानात आले असते, घालून बघायला फुकट. ऑनलाइनवाल्याला माहिती आहे की डोकं मोजायचं काम कुणीतरी दुसरा करून देतोय, म्हणून त्याला १,८५० ला परवडतं. उद्या तो दुसरा शटर पाडून बसला की तुम्ही साईझ कुठे बघणार, चार्टवर? (मामाचं दुकान ऑनलाइनमुळे बंद पडलं असं मी म्हणणार नाही. गुडघे गेले आणि मुलगा कॅनडाला, लॉकडाऊननंतर मामानेच जागा भाड्याने दिली.)

आता तुमचं. माझं म्हणणं सरळ आहे, ज्याच्याकडे घालून बघितलं त्याच्याकडून घ्या. आणि भाव करायचा असेल तर मोबाईल काढून तोंडावर दाखवा, ‘ऑनलाइन १,८५० आहे, तुमचं काय?’ नव्वद टक्के दुकानदार तिथल्या तिथे दोनशे-तीनशे सोडतो, मामा पण सोडायचा. लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही. लाज त्या गुपचूप फोटोची वाटली पाहिजे.

घालून बघायचंच नसेल तर खुशाल ऑनलाइन घ्या, माझी काही तक्रार नाही. एकच मॉडेल आधी वापरलंय आणि तीच साईझ परत पाहिजे, तर ऑनलाइन उत्तम. डोकं फार लहान किंवा फार मोठं असेल, एक्सएस किंवा डबल एक्सएल, तर दुकानदार ते ठेवतच नाही, बायकांना हा त्रास फार होतो, मग ऑनलाइन. तालुक्याच्या गावी तीनच मॉडेल आणि त्यातली दोन नकली अशी परिस्थिती असेल तरी ऑनलाइन. काच, पॅड वगैरे सुटे भाग ऑनलाइन. फक्त सेलरचं नाव वाचा, जमलं तर कंपनीच्या स्वतःच्या साईटवरून घ्या, मॉडेलच्या नावापुढची शेपटाची अक्षरं जुळवा, परत घेतात का नुसतं बदलून देतात ते आधी बघा, आणि घालून चालतंय याची खात्री होईपर्यंत काचेवरचं प्लास्टिक काढू नका.

आणि हो, दुकानदार सगळे माझ्या मामासारखे नसतात हे पण लिहायला पाहिजे, नाहीतर खाली कुणीतरी येऊन लिहीलच. नाना पेठेत पण नकली मिळतं. १ जून २०२१ पासून आयएसआय नसलेलं टू-व्हीलरचं हेल्मेट विकणंच बेकायदा आहे, पण स्टिकर काय कुणीही छापतो. आयएसआयच्या खुणेच्या वर आयएस ४१५१ (हेल्मेटच्या भारतीय मानकाचा नंबर) पाहिजे आणि खाली सीएम/एल करून लायसन्स नंबर पाहिजे, तो भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की कंपनीचं नाव येतं. नाव वेगळं आलं किंवा नंबर सापडलाच नाही तर ठेवा तिथंच. नुसतं डॉट (DOT) लिहिलंय म्हणून भुलू नका, ते अमेरिकेचं मानक आहे आणि तिथे कंपनी स्वतःच सांगते की आम्ही पास आहोत. दुकानात अजून एक बघायचं म्हणजे बनवल्याचा महिना-वर्ष. मघाशी तो वरच्या फळीवरचा ग्लॉसी लाल एस सांगितला ना, तो डिस्काउंटमध्ये तुमच्या गळ्यात मारायला बघतील. हेल्मेट पाच वर्षांनी बदला म्हणतात, त्यातली तीन फळीवरच गेलेली असतील तर डिस्काउंट कसला.

ब्रँडचं मला विचारू नका. दोन-अडीच हजारात स्टड्स घ्या, स्टीलबर्ड घ्या, आपल्या बेळगावची वेगा घ्या, डोक्याला बसतंय ते चांगलं. तुम्ही मॉडेल लिहिलेलं नाही, चष्मा आहे का ते पण लिहिलेलं नाही. असेल तर तो घालूनच दुकानात जा आणि जो रोज गाडीवर घालता तोच घाला, मागच्या वेळचा जुना नको, काड्यांची जाडी वेगळी असते.