जोडा बघायला गेलेलं जोडपं

अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप रविवारी रात्री उशिरा आला. मोजून तीन ओळी. दोन्ही दिवस कामांतच गेले, शेवटी बुटांच्या दुकानात भांडण झालं, बूट न घेताच घरी आलो. सोबत शनिवारच्या यादीचा फोटो, आणि खाली प्रश्न: काका, तुम्ही आयुष्यभर तिथेच होतात, सांगा नेमकं चुकतं कुठे?

आयुष्यभर नाही रे, २६ वर्षं. पण ती सगळी त्या बुटक्या स्टुलावर, गिऱ्हाइकाच्या पायाशी. त्यामुळे जोडपी मी गुडघ्याखालूनच जास्त बघितली. वर तोंडं गोड बोलत असतात तेव्हा खाली पाय काय करतात ते मला विचार. ती सहावा-सातवा जोड घालून आरशासमोर उभी, आणि त्याच्या बुटांची टोकं केव्हाच दाराकडे वळलेली. मग वरून आवाज यायचा, "छान आहेत, घेऊन टाक." या 'टाक'ची मला चीड आहे. घे म्हणावं, बघ म्हणावं. टाक म्हणजे उरकून टाक. ते ऐकलं की बाईच्या पावलाची बोटं बुटात आखडायची, मला चामड्यावरून दिसायचं. तू त्या दिवशी काय म्हणालास ते लिहिलेलं नाहीस, पण मी पैज लावायला तयार आहे.

आता ती यादी. अकरा कामं आहेत. घड्याळाचा सेल, धुलाईचे कपडे, परत पाठवायचं पार्सल, पडद्याची दांडी, बँकेतला कागद, आणि असंच. सगळ्यात खाली, जागा उरली नाही म्हणून कडेने तिरकं लिहिलंय: 'बूट - दोघांचे'. अक्षर तिचं असावं. भांडण त्या तिरक्या ओळीतच सुरू झालं होतं, दुकानात फक्त बाहेर पडलं.

सेल घड्याळात बसतो किंवा बसत नाही, दोन मिनिटांत निकाल लागतो. बुटांचं तसं नाही. बूट पायात घालून नुसतं बसावं लागतं, उठावं लागतं, दुकानभर फिरावं लागतं, आणि त्या वेळात दुसऱ्याने काही म्हणजे काही करायचं नसतं. कामांच्या यादीत हे बसतच नाही. दहा कामं उरकलेल्या माणसाच्या अंगात जो वेग असतो ना, तोच घेऊन तुम्ही दोघं आत शिरलात.

एक मात्र तुम्ही नकळत बरोबर केलंत, संध्याकाळी गेलात. दिवसभरात पाऊल फुगतं. सकाळी अगदी नेमका बसलेला बूट संध्याकाळी चावायला लागतो, म्हणून बूट दिवस उतरतानाच घ्यावेत. पण उशिरा जाणं वेगळं आणि शेवटी जाणं वेगळं. पुढच्या वेळी अकरातली सहा कामं ठेवा. त्यांतली तीन तू एकट्याने कर, तीन तिने एकटीने. दोघांनी हातात हात घालून पार्सलच्या रांगेत उभं राहण्यात काही प्रेम नाही, दुप्पट वेळ जातो एवढंच. मग ठरलेल्या जागी भेटा. भेटल्यावर लगेच दुकानात शिरू नका.

चैन करायची ती इथे. लोक ती शेवटी ठेवतात, सगळं उरकलं की बक्षीस म्हणून. तोवर दोघांत बोलायला काही उरलेलं नसतं आणि समोरचा कप निवत असतो. बूट घ्यायच्या आधी बसा. काहीतरी गरम किंवा गार घ्या, एकच मागवून दोघांत घेतलंत तरी चालेल. अर्धा तास पाय जमिनीवर सैल सोडा. फोन पिशवीत. आणि चैन छोटीच असू दे. मोठी केली की तिचाही हिशेब सुरू होतो, ती वसूल झाली का, जागा बरी होती का, तूच सुचवली होतीस ना. माझ्या मते उत्तम चैन ती, जी दुसऱ्या दिवशी सांगण्यासारखी नसते.

सुट्टी खरेदीत गेली म्हणून हळहळतोस, त्यावर एक आठवलं. हेन्री फोर्डने १९२६ मध्ये आपल्या कारखान्यांत पाच दिवसांचा आठवडा आणला, तेव्हा त्यामागे एक व्यापारी हिशेबही होता: माणसाला मोकळा वेळ असेल तरच तो वस्तू विकत घेईल आणि वापरेल. तेव्हा सुट्टी दुकानात जाते यात तुमच्या दोघांचाच काही दोष आहे असं समजू नकोस. असो.

आता दुकानात चला.

आधी माप, आणि उभ्याने. बसून घेतलेलं माप खोटं. अंगाचा भार पडला की पाऊल पसरतं, लांबीलाही वाढतं. दुकानात ती धातूची पट्टी असेल, टाच मागे टेकवून सरकपट्टी पुढे आणायची, तर ती मागून घ्या. अमेरिकेतल्या सिरॅक्यूसच्या चार्ल्स ब्रॅनॉक नावाच्या माणसाने ती १९२० च्या दशकात बनवली, पहिला नमुना मुलांच्या खेळण्यातल्या लोखंडी पट्ट्या जोडून. त्याची हुशारी अशी की पट्टी नुसती लांबी मोजत नाही. रुंदी मोजते, आणि टाचेपासून चवड्याच्या फुगीर हाडापर्यंतचं अंतरही मोजते. बूट जिथे वाकतो तिथेच पाऊल वाकलं पाहिजे. दोन माणसांची लांबी सारखी असून एकाची बोटं लांब आणि दुसऱ्याची आखूड असतात, मग एकाच नंबराचा बूट एकाला फुलासारखा आणि दुसऱ्याला फळीसारखा.

माप दोन्ही पावलांचं घ्या. आपल्या भाषेत बुटांनाही जोडा म्हणतात आणि नवरा-बायकोलाही, पण जोडा सारखा असतो तो बुटांचा, पावलांचा नसतो. बहुतेकांचं एक पाऊल दुसऱ्याहून जरा मोठं असतं. नंबर मोठ्या पावलाचा धरायचा. लहान पावलाखाली जादा तळवा घालून सावरता येतं, मोठं पाऊल कापता येत नाही.

आणि नंबराचा अभिमान सोडा. "मला कायम सातच लागतो" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की मी मान डोलवायचो आणि आतून आठ घेऊन यायचो. इंग्लंडच्या पद्धतीत एक नंबर म्हणजे एक तृतीयांश इंच, साधारण साडेआठ मिलिमीटर. हे माप जवाच्या दाण्यावरून आलं, तीन दाणे म्हणजे एक इंच. युरोपच्या पद्धतीत एक नंबर म्हणजे सेंटीमीटरचे दोन तृतीयांश. म्हणजे ४२ नंबर २८ सेंटीमीटरचा झाला, पण ती लांबी तुझ्या पावलाची नव्हे, बूट ज्या साच्यावर बेततात त्या साच्याची. प्रत्येक कारखान्याचा साचा वेगळा. शिवाय वय वाढतं तसं पाऊलही पसरतं. लग्नातल्या नंबरावर आयुष्य काढणारे पाहिलेत मी, कुरूपं घेऊन फिरत होते.

बूट घातल्यावर उभं राहायचं आणि सगळ्यांत लांब बोटाच्या पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा आहे का बघायची. लांब बोट म्हणजे अंगठाच असं नाही, कित्येकांचं शेजारचं बोट पुढे असतं. आतला तळवा सुटा निघत असेल तर काढून जमिनीवर ठेवायचा आणि त्यावर उभं राहायचं. पाऊल कडेवरून बाहेर सांडत असेल तर बूट कितीही देखणा असो, परत.

चालताना टाच जरा उचलली जात असेल तर घाई करू नका. खेळाच्या बुटांना सगळ्यात वर एक जास्तीचं भोक असतं, लोक ते रिकामं सोडतात. त्यात नाडी त्याच बाजूने आत घालून छोटा फास करायचा, समोरची नाडी त्यातून ओवायची आणि मग ओढायची. टाच धरली जाते. हे दाखवलं की गिऱ्हाईक माझ्याकडे जादूगारासारखं बघायचं, आणि शेजारचा नवरा पहिल्यांदा फोनमधून डोकं वर काढायचा.

तुझं काम आता सांगतो, कारण तू तेच चुकलास असं मला वाटतं. ती बूट घालून फिरत असताना तू पंच नाहीस. "कसे दिसतायत?" असं तिने विचारलं तर दिसण्याबद्दल बोल, खरं बोल. न विचारता बोलायचं असेल तर एकच विचार: "कुठे लागतंय?" लागतंय का, असं नाही. लागतंय का म्हटलं की माणूस नाही म्हणून मोकळा होतो, दुकानदाराला त्रास नको, तुला उशीर नको. कुठे म्हटलं की पाऊल खरोखर तपासावं लागतं.

बूट कुठे चावतो हे बाहेरून कळत नाही, आणि ते कळावं म्हणून लोकांनी काय काय केलंय! १९२० च्या दशकापासून पुढे बरीच वर्षं अमेरिकेत आणि युरोपात बुटांच्या दुकानांत चक्क क्ष-किरणांची यंत्रं होती. लाकडी पेटी, खाली पाय घालायला खाच, वर बघायला तीन भोकं: एक विक्रेत्याला, एक मुलाला, एक आईला. बुटाच्या आत हलणारी बोटांची हाडं दिसायची. मुलांना मौज वाटायची आणि किरण सगळ्यांच्याच अंगावर जायचे. १९५७ मध्ये पेनसिल्व्हेनिया राज्याने त्यावर बंदी घातली, मग ती यंत्रं हळूहळू सगळीकडून गेली. हाडं दिसत होती, दुखणं तेव्हाही दिसत नव्हतं.

मी स्वतः काय केलं तेही लिहितो, नाहीतर तुला वाटेल काका जन्मापासून शहाणा. तुझ्या काकूला मी एकदा माझ्या हाताने बूट घातले. टोकावर अंगठा दाबला, मान हलवली, "बरोब्बर." ती म्हणाली, अंगठ्याला लागतंय. मी म्हणालो, सैल होतील. आमच्या धंद्यातलं सगळ्यात जुनं वाक्य. चामडं रुंदीला थोडं सैल होतं, लांबीला होत नाही, आणि हे मला त्या दिवशीही ठाऊक होतं. पण दुकान बंद व्हायची वेळ झाली होती आणि तिच्याच नवऱ्याने नोकरी करता करता तिला बूट दिले याचं मला फार कौतुक वाटत होतं. तिने ते आठ महिने वापरले. एके रात्री मोजे काढताना मला दिसलं, अंगठ्याचं नख काळं पडलं होतं. कधीपासून, म्हटलं. "तेव्हापासून," ती म्हणाली आणि दिवा घालवला.

त्यानंतर मी ते वाक्य दुकानात कधी म्हटलं नाही. विक्री थोडी पडली असेल. पडू दे.

आणखी एक, कारण वस्तू जपून ठेवायचा तुझा स्वभाव आहे. चांगले बूट घेतलेत की घाला. पॉलियुरेथेन नावाच्या मऊ प्लास्टिकचा तळ असलेले बूट पेटीत वर्षानुवर्षं ठेवले की हवेतल्या ओलाव्याने तो आतून कुजतो. पेटीतून काढताना नवेकोरे दिसतात आणि दहा पावलांत तळाचा भुगा होतो. समारंभाला निघालेला माणूस रस्त्यातच तळ हातात घेऊन आमच्याकडे आलेला मी पाहिलाय. रोजचे दोन जोड असतील तर आलटून पालटून घाला, घामाने ओला झालेला बूट एका रात्रीत पुरता सुकत नाही. पण ठेवणीतले असं काही ठेवू नका.

शनिवारी घेतलेत तर रविवारी घरातच घालून फिरा, सतरंजीवर, स्वच्छ मोज्यांनी. तळाला ओरखडा नसला की बदलून मिळायची शक्यता राहते, बिल मात्र पेटीतच असू दे. स्वयंपाक करताना, कपड्यांच्या घड्या घालताना, तासाभराने पाऊल खरं बोलायला लागतं. आणि घरात बूट घालून दोघंही खटखट फिरत असाल तेव्हा हसू येईल, ते येऊ द्या.

एवढं सगळं येत्या शनिवारी जमवू नकोस. यादीतून बूट काढूनच टाक, तिला सांगून काढ. शुक्रवारी रात्री जेवणं झाली की दोन कोरे कागद घे, फरशीवर ठेव. तिच्या पावलांभोवती रेघ तू मार, तुझ्या पावलांभोवती ती मारेल. उभ्याने, दोन्ही पावलांवर सारखा भार देऊन. पेन्सिल सरळ उभी धर. ती आत कलली की माप लहान येतं, आणि गुदगुल्या झाल्या की माणूस पाय ओढून घेतो, तेव्हा घोटा डाव्या हाताने धरून ठेव.

तुझा,
काका