इमिग्रेशनला मराठीत नेमकं काय म्हणायचं?

प्रश्न असा आलाय: भाचा कॅनडाच्या पीआरसाठी (परमनंट रेसिडेन्सी, म्हणजे तिकडे कायम राहायची परवानगी) फाइल टाकतोय, निफाडला आजीला सांगायचंय तर इमिग्रेशनला शब्द कुठला वापरू, पेपरात तर एकाच बातमीत स्थलांतरित, निर्वासित आणि घुसखोर तिन्ही येतात, मग आमचा भाचा यातला कोण?

माझ्या मते कोणीच नाही.

सरकारी शब्द आहे आप्रवासन. मॉरिशसला आप्रवासी घाट नावाचं वारसास्थळच आहे, पण मराठी कानाला हा बसत नाही, कारण आपल्याकडे प्रवासी म्हणजे नाशिकच्या सीबीएस स्टँडवर एसटीची वाट बघत ताटकळलेला माणूस. हिंदीत प्रवासी म्हणजे परमुलखात राहणारा. लॉकडाऊनमध्ये 'प्रवासी मजूर' जसंच्या तसं उचललं जायचं तेव्हा वाचून वैताग यायचा.

स्थलांतरित मात्र आपल्या नाशिक जिल्ह्यात सगळ्यांना पाठ आहे. नांदूरमध्यमेश्वरला थंडीत येतात ते स्थलांतरित पक्षी, आणि द्राक्षाच्या सिझनला पेठ-सुरगाण्याकडून येतात ते स्थलांतरित मजूर. गिरणाऱ्याच्या मजूर अड्ड्यावर सकाळी बघा, डब्याची पिशवी घेऊन माणसं उभी असतात, बागायतदार पिकअप लावतो, रोजंदारी किती ते तिथेच ठरतं आणि गाडी छाटणीला नाहीतर थिनिंगला, म्हणजे घडातले मणी विरळ करायला, निघते. काम संपलं की ही मंडळी परत गावी. म्हणजे या शब्दात जाणं आहे, कायमचं राहणं असेलच असं नाही, आणि पीआरमध्ये तर सगळा जोर राहण्यावरच आहे ना.

कॅनडाचा कायदा बघतो की माणूस कशाच्या आधारावर राहायला येतोय, त्यातून तीन मोठ्या वाटा होतात. एक कामधंद्याची. तिथे गुण मोजतात, ही पद्धत १९६७ पासूनची, आणि २०१५ ला आलेल्या एक्स्प्रेस एन्ट्री या ऑनलाइन निवड पद्धतीत वय, शिक्षण, इंग्रजी-फ्रेंच, अनुभव असं सगळं धरून जास्तीत जास्त १२०० गुण असतात, त्यात एखाद्या प्रांताने नॉमिनेट केलं की एकदम ६०० मिळतात, म्हणून तर जो तो पीएनपी पीएनपी (म्हणजे ही प्रांताच्या नॉमिनेशनची योजना) करत असतो. भाचा बहुतेक याच वाटेने चाललाय. दुसरी वाट नात्याची, नवरा-बायको, मुलं, आईवडील वगैरे.

तिसरी संरक्षणाची, आणि निर्वासित हा शब्द फक्त इथलाच. ज्याचा वास, म्हणजे राहतं घरच सुटलं तो. फाळणीनंतर देवळाली कॅम्पात आलेल्या सिंधी कुटुंबांना हाच शब्द लागला. (धरणात गाव गेलं त्याला आपण निर्वासित नाही म्हणत, धरणग्रस्त म्हणतो, मराठी इथे भलतीच काटेकोर आहे.) पण कॅनडात पोचून संरक्षण मागितलंय आणि असे अर्ज तपासणाऱ्या बोर्डाचा निकाल यायचाय, तो कागदावर अजून निर्वासित ठरलेला नसतो, त्याला आश्रय मागणारा म्हणा. पेपरवाले हा फरक सरळ गिळतात.

घुसखोर तर कुठेही चिकटवतात. व्हिसावर रीतसर उतरला आणि मुदत संपल्यावर परत गेलाच नाही, त्याने नियम मोडला हे खरं, पण तो घुसला कुठे? आणि १९५१ चा निर्वासितांचा करार तर म्हणतो की जीव वाचवून थेट आलेला माणूस स्वतःहून लगेच हजर झाला तर बेकायदा आला म्हणून त्याला शिक्षा करू नये. भारताची त्यावर सही नाही, कॅनडाची आहे.

मला विचाराल तर नामांपेक्षा लोकांची क्रियापदं जास्त चोख आहेत. व्हिसा 'लागतो', पीआर 'होतो', नागरिकत्व 'घेतात'. व्हिसा पासपोर्टवर लागायचा म्हणून लागतो. पीआर झाला तरी टिकवायला पाच वर्षांत ७३० दिवस तिकडे राहावं लागतं. आणि नागरिकत्व घेणं हा आपला निर्णय, कारण ते घेतलं की भारताचं जातं, नाशिकरोडच्या प्रेसमध्ये छापलेला तो पासपोर्ट जमा करायचा आणि मग ओसीआय कार्डासाठी (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते) अर्ज करायचा.

तेव्हा आजीला सांगा, त्याला तिकडे कायमचं राहायचा परवाना मिळतोय, नागरिक तो अजून इथलाच आहे. लिहायचं असेल तर 'कायम वास्तव्याचा परवाना' चालेल, आणि खात्याला सरळ इमिग्रेशन खातं म्हणा, कोणी अडत नाही.