दफ्तर होतं, बखर नव्हती

प्रिय,

सप्रेम आशीर्वाद.

तुझ्या लेखाचा खर्डा वाचला. प्राचीन इराणकडे लोकप्रिय इतिहास फारसा फिरकत नाही, हे तुझं म्हणणं खरंच. पण सगळं खापर युरोपीय लेखकांच्या माथी फोडून मोकळं होऊ नकोस. पक्षपात आहे, तो शिरला कुठून ते दाखव.

प्राचीन इराणच्या हखामनी राजांचं दफ्तर होतं, बखर नव्हती. बखर लिहिली ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने, म्हणजे समोरच्या बाजूने. म्हणून सुमारे 220 वर्षांचं राज्य मॅरेथॉन (इ.स.पू. 490) आणि सॅलॅमिस (480) या ग्रीकांकडून झालेल्या दोन हारांत आटोपतं. त्याने सांगितलेलं इराणी फौजेचं 17 लाखांचं पायदळ तू तसंच उचललं आहेस. माणशी रोज एक किलो धान्य धर. 1,700 टन झाले. खेचरामागे 100 किलो लादलं तरी एका दिवसाला 17,000 खेचरं! आकडा छापण्याआधी एवढा हिशेब करावाच.

आता दफ्तराकडे ये. पर्सेपोलिस या हखामनी राजधानीत 1933–34 मध्ये मातीच्या हजारो पाट्या निघाल्या. काळ इ.स.पू. 509 ते 493, भाषा बहुतेक एलामी, म्हणजे तिथलीच एक जुनी भाषा. दोरीभोवती ओला चिखल थापून केलेली, हाताच्या मुठीत मावेल अशी पाटी; डाव्या टोकांना दोरीची भोकं, अंगावर शिक्क्यांचे ठसे. मजकूर म्हणजे निव्वळ कोठीचा शिधा. परनक्क या बड्या कारभाऱ्याला रोज 2 मेंढ्या, 90 मापं दारू, 180 मापं पीठ (माप लिटरहून किंचित कमी). बाळंतिणीला जादा शिधा, पण मुलगा झाला तर मुलीच्या दुप्पट. हिंदुशकडे, म्हणजे सिंधूकाठी, जाणाऱ्या-येणाऱ्या प्रवाशांचाही शिधा त्यात आहे. वाचताना चार गोष्टी टिपायच्या: दिलं कुणी, घेतलं कुणी, किती, कुणाच्या हुकमाने. यात लढाई नाही, म्हणून पडद्यावर येत नाही. राज्य मात्र यावरच चालत होतं.

कातड्यावर अरामी भाषेत लिहिलेलं दफ्तर तर बहुतेक कुजून गेलं. गंमत म्हणजे आपला ‘दफ्तर’ शब्द मूळ ग्रीक, अर्थ कातडं. फारसीतून आपल्याकडे आला.

दुसरं कारण तुझ्या खर्ड्यात अजिबातच नाही: खुद्द इराणही विसरला होता. पर्सेपोलिसला लोक तख्त-ए-जमशीद म्हणत, दारयवहू (डरायस) राजाच्या थडग्याखालच्या शिल्पांना नक्श-ए-रुस्तम; जमशीद आणि रुस्तम दोघेही दंतकथेतले. 1010 च्या सुमारास पुरा झालेल्या शाहनामा या फारसी महाकाव्यात हखामनी राज्याचा संस्थापक सायरस नावाने सापडत नाही. बेहिस्तूनच्या कड्यावर कोरलेला दारयवहूचा लेख वाचता आला तो थेट एकोणिसाव्या शतकात.

सायरसच्या मातीच्या नळीवरच्या लेखाला ‘मानवी हक्कांची पहिली सनद’ म्हणणारं वाक्य काढून टाक. तो बाबिलोनच्या मार्दुक देवाचं नाव घेऊन केलेला राजाचा स्तुतिलेख आहे. दुर्लक्षाची भरपाई फुगवून करायची नसते.

सुरुवात ‘क्षत्रप’ने कर. वर्तमानपत्रं रोज ‘प्रादेशिक क्षत्रप’ लिहितात. हे प्रांताधिकाऱ्याचं पद हखामनी कारभारातलं, आणि नाशिकच्या लेण्यांत नहपान या शक राजाच्या नावाशी कोरलेलं. फक्त नहपानाला हखामनी ठरवू नकोस, शब्द शकांबरोबर आला.

आणि नकाशा बदल. सार्डिसपासून (आजच्या तुर्कस्तानात) सिंधूपर्यंत सगळं राज्य दिसू दे. ग्रीस डाव्या कोपऱ्यात येईल, येऊ दे.

कळावे.