प्रश्न नातवाला विचारू दे

बाळ, अनेक आशीर्वाद.

अमेरिकेतल्या माँटगोमेरीत ज्येष्ठ कृष्णवर्णीयांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करायचं काम तुला मिळालं, फार आनंद झाला. तुझी प्रश्नांची यादी वाचली. 'मार्टिन ल्यूथर किंग यांना पाहिलंत का?' हा पहिलाच प्रश्न खोडून टाक. मी तिथे गेले तेव्हा हाच विचारला होता, आणि एका आजींनी शाळेच्या पुस्तकातलं उत्तर दिलं. निघताना सहज म्हटलं, "त्या वर्षी पाय दुखत नव्हते का हो?" आजी थबकल्या. बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध तिथल्या कृष्णवर्णीयांनी बसवर टाकलेला बहिष्कार 381 दिवस चालला, तेव्हा त्या नऊ वर्षांच्या. आई लोकांकडची कामं उरकून चालत घरी आली की मिठाच्या गरम पाण्याचं घमेलं त्या तिच्या पायांशी सरकवायच्या. बुटाच्या तळाला भोक पडलं की आत घालायला पुठ्ठा कापायचं कामही त्यांच्याकडेच. बोलता बोलता त्यांनी बोटाने मांडीवर आईच्या पावलाचा आकार काढला. सोफ्यावरचा नातू मोबाइल बाजूला ठेवून बघतच राहिला. त्याने हे कधी ऐकलंच नव्हतं.

तेव्हापासून मी नातवंड खोलीत असल्याशिवाय रेकॉर्डर सुरू करत नाही. ठेवा त्यांच्या घरचा आहे गं. तू तो घेऊन आलीस आणि घरातल्या पोरांना पत्ताच नाही, असं व्हायला नको.

वाचून मात्र जा. बसमधली जागा गोऱ्या प्रवाशासाठी सोडली नाही म्हणून रोझा पार्क्स यांना 1 डिसेंबर 1955 रोजी अटक झाली, त्यातूनच बहिष्कार सुरू झाला. त्याच वर्षी 2 मार्चला पंधरा वर्षांच्या क्लॉडेट कोल्विनलाही तशीच अटक झाली होती, आणि बसमधला वर्णभेद ज्या खटल्याने संपवला त्यात ती वादी होती. जॉर्जिया गिल्मोर स्वयंपाकीण. त्यांनी बायका जमवल्या, घरी केलेले पदार्थ विकले आणि लोकांची ने-आण करणाऱ्या गाड्यांसाठी पैसा उभा केला. गटाचं नाव 'क्लब फ्रॉम नोव्हेअर'. पैसे कुठून आले? कुठूनच नाही! बायकांची नावं फुटली असती तर गोऱ्यांकडची कामं गेली असती. म्हणून सांगते, सभेइतकंच चुलीबद्दलही विचार.

तू कुठली, हे आजी विचारतीलच. तेव्हा सांग, बाबासाहेबांनी 1946 मध्ये अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहिलं होतं आणि त्यांचं उत्तरही आलं होतं.

मध्येच आजी गप्प झाल्या तर गप्प बस. जेवायला थांब म्हणतील, थांब. ताटावर बसलात की पुढचा प्रश्न नातवाला विचारू दे.

तुझी,
ताई